न विचारता सामील : ग्वाल्हेरमधल्या एका नात्याचं प्रकरण

लग्नापूर्वीच्या समुपदेशनात माझ्याकडे ठरावीक तक्रारी येतात. तो पितो, त्याच्यावर कर्ज आहे, तो आईच्या शब्दाबाहेर जात नाही, तिला नोकरी सोडायची नाही. "तो शिकारीला जातो आणि मला ते सोसत नाही" ही तक्रार विरळा. ती आली की घरचे, मैत्रिणी आणि पुष्कळदा समुपदेशकसुद्धा तिला आवडीनिवडीच्या खात्यात टाकतात. त्याला बंदूक आवडते, तुला नाटक आवडतं. थोडं तू सोड, थोडं तो सोडेल. हा सल्ला मला घातक वाटतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे. लिहायला दोघांची संमती आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ग्वाल्हेर मात्र ग्वाल्हेरच ठेवलं आहे, कारण इथल्या मातीशिवाय हे प्रकरण समजायचं नाही.

दोघं

ती एकोणतीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, घर मुरारला. तो बत्तिशीचा, लष्करमधल्या जुन्या सरदारी घराण्यातला; घरची शेती आणि शीतगृह बघतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याखाली तळ टाकला, त्या तळाचंच पुढे लष्कर झालं आणि सरदारांना मिळालेल्या जागांच्या गोठी झाल्या. अशाच एका गोठीतल्या वाड्याचा तुकडा अजून या घराकडे आहे. दिवाणखान्यात पणजोबांनी आणि आजोबांनी मारलेल्या काळविटांची मुंडकी, भिंतीवर बिबट्याचं कातडं, आणि मधोमध आजोबांची तसबीर: पायाशी पडलेला वाघ, मागे ओळीने उभे हाकारे. दसऱ्याला शस्त्रपूजन आजही साग्रसंगीत होतं आणि आजोबांची बारा बोअरची बंदूक तेव्हा पाटावर मांडली जाते.

दोघांची ओळख गणेशोत्सवातल्या एकांकिकेच्या तालमीत झाली. ती काम करत होती, तो नेपथ्य सांभाळत होता. दोन वर्षांत नातं पक्कं झालं, दोन्ही घरांना कळलं, विरोध फारसा झाला नाही. तिच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा रात्री दवाखान्यात तो बसायचा. चिडका नाही, आवाज चढवत नाही, पैशाला स्वच्छ. हे सगळं तिनेच मला सांगितलं आणि मी ते इथे मुद्दाम नोंदवते आहे. जनावर मारणारा माणूस उद्या बायकोवरही हात टाकेल, असं मी म्हणावं अशी तिच्या एका मैत्रिणीची अपेक्षा होती. मी तसं म्हटलं नाही. या माणसाच्या वागण्यात त्याला कसलाही आधार नव्हता, आणि भीती घालून कुणाला निर्णयापर्यंत ढकलणं हे माझं काम नाही.

दिवाळी ते होळी या दिवसांत शनिवारी रात्री तो "शेतावर" जायचा. सोबत शाळेपासूनचे चार मित्र. शेत शिवपुरी रस्त्याकडे आहे, हरभरा आणि मोहरी लावतात, त्यामुळे शंका यायचं काही कारण नव्हतं.

छर्रा

पौषातल्या एका रविवारी त्याच्या घरी ती जेवायला गेली होती. तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी. तिसऱ्या-चौथ्या घासाला दाताखाली काहीतरी करकन लागलं. दाढेतलं सिमेंट निघालं असं तिला वाटलं. तिने ते बोटावर काढून पाहिलं: मोहरीच्या दाण्याएवढा, करडा, गुळगुळीत गोळा. त्याचे वडील मोठ्याने हसले. म्हणाले, "वा, सूनबाईंना प्रसाद मिळाला!" तेव्हा तिला कळलं की ताटात आहे ती कोंबडी नाही, तितर आहे, आणि बोटावर आहे तो छर्रा. त्याची आई खाली मान घालून वाढत राहिली.

ती मटण, कोंबडी, मासे सगळं खाते. ताटात मांस होतं म्हणून तिला धक्का बसला नाही. तिला सांगितलं गेलं नव्हतं, आणि टेबलाभोवतीच्या बाकी सगळ्यांना माहीत होतं, हे तिला लागलं. मग मागचे धागे जुळायला लागले. थाटीपूरला त्याच्या आत्याकडे तिने स्वतःच्या गाडीतून दोनदा डबे पोचवले होते. "आईने लोणचं दिलंय," असं तो म्हणाला होता. त्या डब्यांत काय होतं?

तिने विचारलं. त्याने लपवलं नाही, सगळं सांगितलं. तितर, ससे, कधी रानडुक्कर, एकदा चिंकारा. आणि वर म्हणाला, "तू एकदा चल तर, तुला कळेल आम्ही काय करतो ते."

ती गेली. या निर्णयाबद्दल तिला पुढे पुष्कळ जणांनी बोल लावला. मला तो समजतो: ज्याच्याशी लग्न करायचं त्याचा अर्धा हिवाळा कसा जातो हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. उघडी जीप, हाताने फिरवायचा मोठा दिवा, थंडीने बधिर झालेले हात. दिव्याच्या झोतात ससा सापडला. ससा झोतात आला की गोंधळून जागीच बसतो. गोळी झाडली, ती मागच्या अंगाला लागली. ससा एरवी मुका प्राणी, पण जखमी झाला की ओरडतो, आणि तो आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या इतका जवळचा असतो की ऐकणाऱ्याला आधी काही सुचत नाही. तो जीपमधून खाली उडी मारून धावला आणि त्याने सशाची मान हाताने मोडली. परत येताना एक मित्र म्हणाला, "भाभी, आदत पड़ जाएगी." तो स्वतः काहीच बोलला नाही.

त्यानंतर ती माझ्याकडे आली.

"मटण तर मीही खाते"

पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "मॅडम, मी अति करते आहे का? मटण तर मीही खाते." हाच प्रश्न तो तिला विचारत होता, तिचा भाऊ पुण्याहून फोनवर विचारत होता, आणि तिची आजी, जिने जन्मात अंडंही खाल्लं नाही, तीसुद्धा वेगळ्या शब्दांत तेच म्हणत होती: पुरुषांचे असे शौक असतात, आपण बघू नये.

या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. तो प्रश्न प्रामाणिक आहे. मांस खाणाऱ्याने शिकाऱ्याला नावं ठेवताना आधी आपल्या ताटाकडे बघावं, हे मलाही पटतं. खाटकाच्या सुऱ्याने मेलेला बोकड आणि छर्ऱ्याने मेलेला तितर, यात दुःख कुणाचं कमी याचा हिशेब मला मांडता येत नाही. पण तिने स्वतःच्या अस्वस्थतेकडे नीट बघितलं तेव्हा त्यात मांसाचा भाग थोडा निघाला. तिला टोचत होतं ते वेगळंच. बोकड कापणाऱ्याला त्यात मजा वाटावी अशी कुणाची अपेक्षा नसते. जीपमध्ये मात्र मजा हाच सगळा हेतू होता. मांस हा वरचा भाग. घरात शीतगृहाचा धंदा, फ्रीज भरलेला, आणि पाच कमावते पुरुष थंडीत रात्रभर एका सशासाठी फिरतात. तिने हे त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "त्या क्षणाला डोक्यात दुसरं काही नसतं. सगळं शांत होतं." तिला या उत्तराची भीती वाटली. मला ते उत्तर महत्त्वाचं वाटलं, कारण ते खरं होतं. त्याकडे पुढे येते.

जखमी जनावराचा प्रश्न आणखी आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीने उडत्या थव्यावर गोळी झाडली की पडतात त्यांच्याखेरीज काही पक्षी छर्रे अंगात घेऊन निघून जातात. जुन्या शिकाऱ्यांत जखमी जनावर माग काढून संपवल्याशिवाय परत फिरायचं नाही, असा दंडक होता; आजोबाही तो पाळत, असं त्यानेच सांगितलं. रात्री दिव्यावर मारणारी जीप माग काढत नाही, पुढे निघून जाते. आणि छर्रा शिशाचा असतो. त्याचे बारीक कण मांसात विखुरतात, शिजवून जात नाहीत, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त बाधतं. त्याच्या बहिणीची दोन लहान मुलं दर हिवाळ्यात आजोळी येऊन तो रस्सा खात होती. ही माहिती मी पुढे दोघांसमोर सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

कायदा काय म्हणतो

या भागावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे घराघरांत घोर अज्ञान आहे. "परवान्याची बंदूक आहे" हे वाक्य ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात सगळ्या प्रश्नांचं उत्तर म्हणून दिलं जातं. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. शिवाय इथे परवाना वडिलांच्या नावावर होता आणि बंदूक मुलाच्या हातात, वडील घरी झोपलेले. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली हा आणखी एक गुन्हा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या नवव्या कलमाने शिकारीला बंदी आहे. शिकार म्हणजे केवळ ठार मारणं नव्हे. सापळा, फासा, विष, आमिष, हाका करून जनावर पुढे काढणं, आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत येतं. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. काळवीट, चिंकारा आणि मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याच्या सर्वांत कडक यादीत आहेत. त्यांची शिकार सिद्ध झाली तर किमान तीन वर्षांची कैद, जास्तीत जास्त सात, आणि दंड किमान २५,००० रुपये. रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

तिच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं कलम सत्तावन्न. एखाद्याच्या ताब्यात वन्यप्राण्याचं मांस, कातडं, शिंग सापडलं, तर ते बेकायदा आहे असं न्यायालय गृहीत धरतं; तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर. थाटीपूरला गेलेले ते दोन डबे तिच्या गाडीत होते. गाडी तिच्या नावावर. वाटेत तपासणी झाली असती, तर "लोणचं आहे असं मला सांगितलं होतं" हे तिला सिद्ध करावं लागलं असतं. गुन्ह्यात वापरलेलं वाहन जप्त होतं ते निराळंच.

हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्याने मला न विचारता यात घेतलं."

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हा आहे. रस्सा न विचारता वाढला, डबे न विचारता पोचवायला लावले, आणि घरच्या गुपितात ती न विचारता सामील झाली. एखाद्या मुलीला शिकारीचं काही वाटत नसतं, तरी हा प्रश्न राहिलाच असता.

मे २०२२ मध्ये गुना जिल्ह्यात आरोनजवळ काळविटांची शिकार करून निघालेल्या टोळीने तीन पोलिसांना गोळ्या घालून ठार केलं. ग्वाल्हेरहून हे ठिकाण दूर नाही. तो म्हणाला, "आम्ही तसले नाही, मॅडम." खरं आहे, तो तसला नाही. पण रात्रीचा अंधार, भरलेली बंदूक आणि समोरून येणारं गस्तीचं पथक, इतकं त्याच्याही जीपसमोर उभं राहू शकतं, आणि त्या क्षणी पाच जणांपैकी एकाचं डोकं फिरलं तरी पुरतं.

त्याची बाजू

तो तिसऱ्या भेटीपासून यायला लागला. आधी एकटा आला, मग दोघं. सुरुवातीलाच मी दोघांना सांगितलं की इथे बोललेलं मी बाहेर नेणार नाही, पण पुढची शिकार झाकायला किंवा ती सोयीची करून द्यायला माझी मदत मिळणार नाही.

त्याच्याकडे मुद्दे होते आणि ते त्याने नीट मांडले. पहिला मुद्दा पिकाचा. रोझांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप एका रात्रीत हरभरा झोपवतात. ज्याने शेती केली नाही त्याला हे दुःख कळत नाही, आणि मी ते हलकं मानत नाही. कायदाही मानत नाही. अकराव्या कलमाखाली, दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका झालं तर वनखात्याचा अधिकारी लेखी आदेश देऊन ते मारायची परवानगी देऊ शकतो. मी विचारलं, "तुम्ही कधी अर्ज केलात?" केला नव्हता. आणि तितराने कुणाचा हरभरा खाल्ला होता?

दुसरा मुद्दा परदेशाचा. अमेरिकेत शिकाऱ्यांच्या पैशावर जंगलं चालतात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. यात तथ्य आहे. तिथे १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला. हरणांच्या शिकारीचा हंगाम, परवाना, किती मारायचे त्याची मर्यादा, सगळं ठरलेलं असतं. ज्याला ते नैतिक वाटत नाही त्याने त्यावर वाद जरूर घालावा. पण शिवपुरी रस्त्यावरच्या जीपला ना हंगाम, ना मोजदाद, ना जंगलासाठी एक पैसा. दुसरीकडच्या नियमाचं श्रेय इथे नियम मोडणाऱ्याला मिळत नाही.

तिसरा मुद्दा त्याने शेवटी काढला आणि तोच खरा होता. "म्हणजे मी आजोबांना गुन्हेगार म्हणायचं?"

ग्वाल्हेरच्या माणसाला हा प्रश्न का पडतो ते बाहेरच्यांना सहज कळणार नाही. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी आणि शिकारीचं रान. माधवराव महाराज वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते. पाचव्या जॉर्जच्या मुक्कामासाठी १९११ मध्ये तिथल्या जंगलातल्या टेकडीवर बांधलेली कोठी आजही उभी आहे. जयविलास महालाच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ बघत इथली मुलं मोठी होतात. मचाण, हाका, गारा (वाघासाठी बांधलेलं आमिष) हे शब्द या घरांत आजोबांच्या मांडीवर शिकले जातात. त्या आठवणीत प्रेम आहे, पहाटेची थंडी आहे, नातवाला पहिल्यांदा दुर्बीण हातात देणारा म्हातारा आहे. ते सगळं घाण आहे असं त्याला सांगितलं असतं, तर तो दार लावून निघून गेला असता, आणि त्याचं चुकलं नसतं.

मी त्याला एवढंच म्हटलं, की आजोबा ज्या काळात मारत होते त्या काळात परवाना काढून मारत होते. तो काळ १९७२ च्या कायद्यानंतर संपला. त्याच काळाच्या शेवटी काय उरलं होतं तेही बघा. चित्ता १९५२ मध्ये देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्याच कुनोच्या रानात सप्टेंबर २०२२ मध्ये तो नामिबियाहून विमानाने आणावा लागला. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात वाघ उरले नव्हते. मार्च २०२३ मध्ये बाहेरून आणून सोडले, आणि २०२५ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. घाटीगावचं अभयारण्य ज्या सोनचिरैयासाठी, म्हणजे माळढोकासाठी, राखलं, तो पक्षीच तिथून गेला. या सगळ्याला एकट्या बंदुका कारण नाहीत, शेती, रस्ते, कुत्री हेही आहे. पण आजोबांना जे रान मिळालं ते नातवाला मिळालेलं नाही, आणि आजोबांचा वारसा चालवतो म्हणणाऱ्याने आधी ते रान मोजावं.

तो म्हणाला, "मला रान आवडतं म्हणूनच तर जातो." हे खोटं नव्हतं. बोलता बोलता त्याने तितर आणि लावा यांच्या आवाजातला फरक तोंडाने करून दाखवला. खुरांच्या ठशावरून मादी आहे की नर, दबकत गेली की धावत, हे तो सांगू शकतो. ती त्याच्याकडे बघत होती. दोन वर्षांत तिने हे ऐकलंच नव्हतं, कारण ते सगळं "शेतावर जातो" या दोन शब्दांमागे बंद होतं.

आणि "सगळं शांत होतं" या त्याच्या वाक्याचं काय? वडिलांचा धंद्यातला शब्द शेवटचा, बत्तिसाव्या वर्षीही धनादेशावर त्याची सही चालत नाही. आठवडाभर ऐकून घेतो. जीपमध्ये चार मित्रांत तो पहिला नेमबाज, तिथे त्याला मान आहे. ही गोष्ट त्याने सांगितली नाही, तिने सांगितली, आणि त्याने नाकारली नाही. बंदूक सोडायची म्हणजे ती एक जागा सोडायची, हे ओळखल्याशिवाय त्याला "सोड" म्हणण्यात अर्थ नव्हता.

अटी, आणि त्यांचं पुढे काय झालं

तिने अटी लिहून आणल्या होत्या. मी त्यांतली भाषा मऊ केली नाही. शिकार बंद. माझ्या ताटात, गाडीत, घरात शिकारीचं काही येणार नाही. खोटं कारण सांगून शनिवारी बाहेर जायचं नाही. आणि शेवटची: यापुढे मला कळलं, तर मी वनखात्याला कळवीन, हे मी आत्ताच तोंडावर सांगते आहे.

या शेवटच्या अटीवरून तिच्या घरी रण माजलं. होणाऱ्या नवऱ्याची तक्रार करणार? मला ती अट सर्वांत प्रामाणिक वाटली. तिने आधी सांगितलं, गुपचूप काही केलं नाही; त्याने तिच्याशी जे केलं होतं त्याच्या बरोबर उलट. कायद्याने अशी तक्रार कुणीही नागरिक करू शकतो, वनखात्याने हालचाल केली नाही तर साठ दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयातही जाऊ शकतो. झालेल्या गोष्टींची तक्रार करावी का, हेही तिने मला विचारलं होतं. तो हक्क तिचा आहे, निर्णयही तिचा, आणि केला तर मी तिला चूक म्हणणार नाही, एवढंच मी सांगितलं. तिने केली नाही.

तो "हो" म्हणाला आणि त्या हिवाळ्यात गेला नाही. इथे बहुतेक जण सुटकेचा श्वास सोडतील. अडचण इथूनच सुरू झाली. मित्रांनी त्याला दोन-तीनदा बोलावलं, मग बोलावणं बंद केलं, मग "भाभी की परमिशन" म्हणून चिडवायला लागले. तो तिच्यावर चिडचिड करू लागला. कुठल्याही भांडणात "तुझ्यासाठी मी काय सोडलंय" हे वाक्य यायला लागलं. तिच्यासाठी सोडलं म्हणजे ते तिच्या नावावर कर्ज म्हणून चढलं, आणि ती फेडायला तयार नव्हती. ती म्हणाली, "मला राखणदार व्हायचं नाहीये. तू फक्त मी बघते म्हणून जात नसशील, तर लग्नानंतर मी रोज जागीच राहीन."

मी भोपाळच्या नेमबाजी अकादमीचं नाव सुचवलं होतं. तो एकदा मातीच्या तबकड्यांवर नेम धरून आला आणि म्हणाला, जीव नाही त्यात. खरंच नाही, ते औषध म्हणून देता येत नाही. तिघऱ्याच्या धरणावर हिवाळ्यात बदकं मोजायला पक्षीमित्र जमतात, तिथे मात्र तो स्वतःहून गेला. दुर्बीण आजोबांचीच. तिथल्या एका निवृत्त मास्तरांना धुक्यात नुसत्या आवाजावरून याने पक्षी ओळखून दिले, तेव्हा त्यांनी याला पुढच्या रविवारी परत यायला सांगितलं. याने सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणते, की जीपबाहेर त्याला विचारणारं कुणीतरी निघालं.

घरातली मुंडकी आणि कातडं यांचाही विषय निघाला. १९७२ पूर्वीच्या या वस्तू वारशाने घरात राहू शकतात, पण त्यांची नोंद आणि मालकीचं प्रमाणपत्र हवं. विकता येत नाहीत. वडिलांना विचारलं तर "कुठेतरी असेल" असं उत्तर आलं. ते कागद शोधायचं काम त्याने अंगावर घेतलं आहे, अजून मिळालेले नाहीत.

सर्वांत अवघड बोलणं तिने स्वतः केलं. साखरपुडा दिवाळीच्या पाडव्याला ठरत होता. तिने तो होळीनंतर ढकलायला सांगितलं, कारण मधला हिवाळा तिला बघायचा होता. घरच्यांना वेगळं कारण सांगू, बदलीचं, आजारपणाचं, असं तो म्हणत होता. ती म्हणाली, पुन्हा "शेतावर जातो" नको. ती त्याच्या आईकडे गेली आणि खरं कारण सांगितलं. "काकू, मला तो हवा आहे. पण हे चालू राहिलं तर मी येणार नाही."

काकू आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून तितरं साफ करते आहे. पिसं नखांत राहतात, चार दिवस वास जात नाही. मला आवडतं का, हे आजवर कुणी विचारलं नाही गं." त्या रविवारी त्यांनी नवऱ्याला सांगितलं की यापुढे पिशवीतून काही आलं तर ते मी शिजवणार नाही, ज्याने आणलं त्याने शिजवावं. सासरे चार दिवस बोलत नव्हते. पाचव्या दिवशी बोलायला लागले, शिकारीवर सोडून.

सध्या मार्गशीर्ष चालू आहे. तो दर पंधरा दिवसांनी एकटा येतो. आमचं बोलणं आता शिकारीवर कमी आणि वडिलांच्या धंद्यातल्या त्याच्या जागेवर जास्त असतं. धनादेशावरची सही त्याने मागितली आहे. ती येणं थांबवून आपल्या कामाला लागली आहे, होळीपर्यंत तिला माझ्याकडून काही नको आहे. मधे एका शनिवारी मित्रांची जीप गोठीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती, हे त्याने तिला त्याच रात्री फोन करून सांगितलं. आपण गेलो नाही, हेही सांगितलं. तिने विश्वास ठेवला.